कोच बदलला की कप येतो का?

हेडफोन लावले ना? चला, थेट मुद्द्यावर.

परवा इतवारीत चहा पीत होतो. बाजूला कॉलेजच्या टीमचे पोट्टे. पहिल्याच मॅचला घरी आले होते. म्हणे, "भाऊ, कोच बदलला पाहिजे!" मी विचारलं, सराव किती केला? "तीन आठवडे."

आता हे ऐका. विदर्भ रणजी खेळायला लागला १९५७-५८ मध्ये. पहिली ट्रॉफी आली २०१७-१८ मध्ये. मध्ये साठ वर्षं गेली, राजा!

कोच होते चंद्रकांत पंडित. त्याच्या आदल्याच मोसमात ते मुंबईचे कोच होते. मुंबई इंदूरला फायनल हरली, गुजरातकडून. पुढच्या मोसमात पंडित मुंबईकडे नव्हते. ते विदर्भाकडे आले, आणि त्याच इंदूरच्या मैदानावर १ जानेवारी २०१८ ला आपण दिल्लीला हरवलं.

म्हणजे एका वर्षात माणूस बदलला? नाही. फैज फजलची कॅप्टन्सी होती, वसीम जाफरचा अनुभव होता, गुरबानीची हॅट्ट्रिक होती. कोचनं हे सगळं एका शिस्तीत बांधलं. पुढे पंडित गेले, तरी २०२४-२५ मध्ये उस्मान गनी कोच असताना तिसरी ट्रॉफी आलीच.

म्हणून कोचला कप मागू नका. पहिल्या वर्षी फिटनेस मागा, वेळेवर सराव मागा. दुसऱ्या वर्षी एक राउंड पुढे. आणि स्वतःला विचारा, सकाळी सहाला मैदानावर मी होतो का?

भेटू पुढच्या भागात!