पाडव्याचा संकल्प : आठवड्याला एक पान

(मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात केलेले भाषण. काही मित्रांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



मी लेखक नाही आणि वक्ता तर मुळीच नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीला लागलो, त्याला वीस वर्षे होऊन गेली. माझे रोजचे लिहिणे म्हणजे अंदाजपत्रक, नोटशीट आणि पत्रव्यवहार, तोही सगळा गुजरातीत. म्हणून ‘नव्या वर्षाचा लेखनाचा संकल्प’ या विषयावर मी बोलणार असे घरी सांगितले, तेव्हा मंडळी हसल्या. म्हणाल्या, “आधी किराणाची यादी तरी मराठीत लिहा!” त्यांचे म्हणणे चुकीचे नाही.

आपल्या भेस्तानच्या मराठी घरात वर्षाला तीन वेळा नवे वर्ष येते. एक जानेवारीला येते, पाडव्याला येते आणि दिवाळीच्या पाठोपाठ शेजाऱ्यांचे बेसतुं वरस आले की आपणही ‘साल मुबारक’ म्हणून हात जोडतो. म्हणजे संकल्प मोडायला तीन संधी मिळतात. पण मोडलेला संकल्प पुन्हा धरायलाही तीनच मिळतात, हे आपण विसरतो.

आता कोणी म्हणेल, दिवस कसले आहेत आणि हे लिहिण्याचे काय सांगतात! कारखान्यात पाळी कमी होते, मुलांना शिकूनही कायमची नोकरी मिळत नाही, दवाखान्याचा खर्च वाढला आहे. खरे आहे. पण सुरतेत राहून चांगल्या दिवसांची वाट पाहत बसलो असतो, तर आपण काहीच केले नसते. १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने माणसे रातोरात शहर सोडून गेली. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने बहुतेक शहर पाण्यात होते. २०२० च्या टाळेबंदीत ओळीने यंत्रे बंद पडली आणि माणसे पायी निघाली. या प्रत्येक वेळी आपल्यापैकी कितीतरी जण इथेच होते. पण त्याबद्दल आपल्या हातचे, आपल्या भाषेतले एक पान तरी आपल्या घरात आहे का? माझ्या घरात नव्हते.

माझी गोष्ट सांगतो. माझी माय लग्नानंतर खानदेशातून आली. भुसावळकडून येणाऱ्या गाडीने उधन्याला उतरली, हातात एक पत्र्याची पेटी होती. तिला लिहिता येत नव्हते. पण जात्यावरच्या ओव्या शेकड्याने पाठ होत्या, अहिराणीतल्या म्हणी होत्या, गावातल्या विहिरीची आणि दुष्काळाची हकीकत होती. मी दर दिवाळीला म्हणायचो, “माय, या सुट्टीत सगळे उतरवून घेतो.” सुट्टी यायची आणि जायची. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, माय गेली. शेवटी भेटताही आले नाही. आज मला तिच्या दोनच ओव्या पूर्ण आठवतात, त्यातही एका शब्दाबद्दल शंका आहे. विचारायचे कोणाला?

आमच्याच खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींनाही लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरातल्यांनी गाणी कागदावर उतरवून ठेवली, म्हणून १९५१ मध्ये त्या गेल्यावर पुढच्याच वर्षी त्यांचे पुस्तक निघाले आणि महाराष्ट्राला ती कविता मिळाली. उतरवून घेणारे कोणी नसते, तर ते सगळे त्यांच्याबरोबरच गेले असते. माझ्या मायच्या ओव्या बहिणाबाईंच्या तोडीच्या होत्या असे मी म्हणत नाही. पण त्या आमच्या होत्या.

वाईट दिवसांत लिहिणारे कसे लिहीत असत, ते थोडे पाहू. ज्यांच्यामुळे आपण चौकात गणपती बसवतो, त्या लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. वय बावन्न, मधुमेह जडलेला, मंडालेचा तुरुंग. तिथे १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. शाई नव्हती, पेन्सिलीने लिहिले. सुमारे पाच महिन्यांत ग्रंथ पुरा केला आणि तो छापून आला १९१५ मध्ये. लिहिताना सुटका कधी होईल आणि वह्या हाती परत मिळतील की नाही, याची खात्री नव्हती.

दुसरे उदाहरण धुळ्याच्या तुरुंगाचे. १९३२ मध्ये तिथे विनोबांनी कैद्यांसमोर गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक अध्याय, अठरा रविवारी अठरा अध्याय. ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. आज ‘गीता प्रवचने’ कितीतरी भाषांत वाचली जातात. त्याच साने गुरुजींनी पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली.

आणि आपल्या सुरतेचेच पाहायचे तर कवी नर्मद. १८५८ मध्ये त्यांनी शिक्षकाची नोकरी सोडली आणि लेखणीवर जगायचे ठरवले. पुढे पैशाची सतत ओढाताण झाली, तरी ‘नर्मकोश’ हा गुजराती शब्दकोश त्यांनी १८७३ मध्ये पुरा केला.

या थोर माणसांशी आपली बरोबरी नाही. पण एक गोष्ट मला दिसली. दिवस सुधारतील मग लिहू, असे यांच्यापैकी कोणी म्हटले नाही. आणि धुळ्यातला नेम किती साधा होता पाहा : आठवड्याला एक अध्याय. आपल्यालाही तसे माप ठरवता येते.

माप म्हटले की मला माझी नोकरी आठवते. आमच्याकडे मेजरमेंट बुक असते, आम्ही एम.बी. म्हणतो. त्याच्या पानांना आधीच नंबर टाकलेले असतात. पान फाडायचे नाही. चूक झाली तर खोडरबर नाही, एक रेघ मारून बाजूला सही करायची. माप जागेवर घ्यायचे, तारीख घालायची आणि जेवढे काम झाले तेवढेच लिहायचे. पुढच्या महिन्यात होणाऱ्या कामाचे माप आज लिहिता येत नाही.

गेल्या पाडव्याला मी दोनशे पानी वही आणली, पानांना नंबर टाकले आणि हाच नियम लावला. ‘पुस्तक लिहीन’ असा संकल्प केला नाही. दर रविवारी एक पान, वर्षाला बावन्न, एवढेच ठरवले. आज वर्ष पुरे झाले, तर हिशोब देतो. बावन्नपैकी एकतीस पाने झाली. पावसाळ्यात पूरनियंत्रणाची ड्युटी लागली, तेव्हा सलग सहा रविवार कोरे गेले. मुलीच्या परीक्षेत चार गेले. उरलेले अकरा निव्वळ आळसात गेले, तिथे दुसरे कारण लिहिता येत नाही.

तरी त्या एकतीस पानांत काय आले, ते ऐका. मायच्या दोन ओव्या आल्या. आमच्या गल्लीतल्या मावशींनी सांगितलेल्या, त्यांच्या माहेरच्या पाच ओव्या आल्या. वडिलांनी पहिल्या पगारात काय काय घेतले, ती यादी आली. रांदेरला राहणाऱ्या एका मित्राच्या भिंतीवर २००६ च्या पुराच्या पाण्याची रेघ आहे, तिची टेपने घेतलेली उंची आणि त्या रात्री त्यांनी गच्चीवर काय शिजवले, तेही आले. आणि एक पान मायच्या शेवटच्या आठवड्याचे आहे. ते लिहायला मला तीन रविवार लागले. लिहून झाल्यावर वडिलांना वाचून दाखवले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पेटी निळी होती, तू हिरवी लिहिलीस.” मी एक रेघ मारली, बाजूला सही केली आणि निळी लिहिले. त्या संध्याकाळी वडील मायबद्दल दोन तास बोलले. तोपर्यंत आमच्या घरात तो विषय कोणी काढत नव्हते.

म्हणून आशा म्हणजे काय, हे मी माझ्यापुरते असे समजतो : पुढे कोणीतरी हे वाचणार आहे, असे धरून आज एक पान लिहायचे. सगळे चांगले होईल, अशी हमी मी देऊ शकत नाही.

एक अडचण ज्येष्ठ मंडळी नेहमी सांगतात : “आमच्या नातवंडांना मराठी वाचता येत नाही.” आपल्या महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, पण आपल्यापैकी बरेच जण मुलांना गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात घालतो. मीही घातले. माझी मुलगी मराठी बोलते, पण लिहिताना अडते. तिला मी म्हटले, गुजराती अक्षरांत मराठी लिही. पुष्कळशी अक्षरे म्हणजे शिरोरेघ काढून घेतलेली देवनागरीच. वेगळी असलेली थोडी अक्षरे तिने दोन-तीन महिन्यांत शिकून घेतली. आता तीच माझे ऱ्हस्व-दीर्घ काढते.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे. एक वही घ्या. पानांना नंबर टाका. आपल्याला झेपेल तेच माप धरा. आठवड्याला पान जमत नसेल तर पाच ओळी धरा. दिवस फार वाईट गेला, तर तारीख आणि एक ओळ पुरे. घरात जे सगळ्यांत वयस्कर असतील, त्यांच्यापासून सुरुवात करा, कारण त्यांची सुट्टी आपल्या सुट्टीसाठी थांबत नाही. लिहिलेले घरात मोठ्याने वाचा. चुकले असेल तर कोणीतरी पेटीचा रंग सांगेलच.

माझा यंदाचा संकल्पही बावन्न पानांचाच आहे. पुढच्या पाडव्याला मंडळाने मला पुन्हा उभे करून हिशोब विचारावा. एकतीसपेक्षा एक पान जास्त झाले, तरी मी पेढे वाटीन.