शंभर टनांत एक ग्रॅम : मांजरीची द्राक्ष प्रयोगशाळा
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यान)



हडपसरहून सोलापूर रस्त्याने निघाले की थोड्याच अंतरावर मांजरी फार्म लागते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तेथे १९९७ सालापासून कार्यरत आहे. अन्न, शेती आणि रेणुविज्ञान हा विषय ऐकताच परदेशातील मोठ्या विद्यापीठांची नावे डोळ्यांपुढे येतात. परंतु त्याचे एक बोलके उदाहरण हडपसरच्या वेशीवरच उभे आहे.

२००३ साली युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत मिथोमिल आणि ॲसिफेट ह्या कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले व तेथे धोक्याची सूचना निघाली. माल दिसायला उत्तम होता, गोडीही होती. दोष होता तो डोळ्यांना न दिसणाऱ्या रेणूंचा. व्यापारात नमुना एक आणि माल दुसरा असे झाले की पेढीची पत जाते. येथे तर साऱ्या देशाच्या मालाची पत पणाला लागली होती.

त्यानंतर २००३-०४ च्या हंगामापासून 'अपेडा' ह्या निर्यात विकास संस्थेने उर्वरित अंशांवर देखरेख ठेवणारी योजना सुरू केली आणि मांजरीच्या प्रयोगशाळेकडे राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेचे दायित्व आले. युरोपला माल पाठवायचा तर बागेची आधी नोंदणी करावयाची, काढणीपूर्वी बागेतून नमुना घ्यावयाचा, आणि अंश मर्यादेबाहेर निघाला तर अंतर्गत इशारा देऊन त्या बागेचा माल रोखावयाचा, असा हा क्रम आहे. २००६ मध्ये 'ग्रेपनेट' ही संगणकीय नोंदव्यवस्था आली. युरोपातील पेटीवरून थेट नाशिक किंवा सांगलीच्या बागेपर्यंत माग काढणे तिच्यामुळे शक्य झाले. कीर्दखतावणी चोख ठेवणाऱ्या समाजाला तिचे मोल वेगळे सांगावयास नको.

आता मोजमापाचे पाहू. अनेक रसायनांसाठी मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढी असते. म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम! दहा-दहा टनांचे दहा ट्रक उभे करावेत आणि त्या सर्वांत मिळून विखुरलेला एक ग्रॅम शोधून त्याचे नावही सांगावे, असे हे काम आहे. त्यासाठी द्राक्षांचा लगदा इथिल ॲसिटेट ह्या द्रावकात घुसळतात. औषधांचे रेणू द्रावकात उतरतात. पुढे एका बारीक नळीतून जाताना ते वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. नंतर मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र प्रत्येक रेणूला विद्युतभार देऊन त्याचे वस्तुमान मोजते, त्याचे तुकडे करते आणि तुकड्यांचेही वस्तुमान पाहते. मूळ रेणू व तुकडे दोन्ही जुळले की ओळख पटते. डॉ. कौशिक बॅनर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या मार्गाने द्राक्षांतील ८२ कीडनाशके एकत्रित तपासण्याची पद्धत २००७ साली प्रसिद्ध केली.

एवढे असूनही २०१० साली पुन्हा आघात झाला. ह्या वेळी क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागाईतदारांच्या बोलीतील 'सीसीसी', सापडले. हे कीटकनाशक नव्हे. खरड छाटणीनंतर वेलीची वाजवीपेक्षा अधिक वाढ रोखावी आणि काडीत घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून ते वापरले जात असे. युरोपची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती आणि भारतातील तपासणीच्या यादीत ह्या रसायनाचे नावच नव्हते! शिवाय हा रेणू क्षारस्वरूप व पाण्यात अत्यंत विरघळणारा. इथिल ॲसिटेटमध्ये तो उतरत नाही, त्याला वेगळी पद्धत लागते. यंत्र कितीही सूक्ष्म असो, जे शोधावयास सांगितले नाही ते त्याला दिसत नाही. अनेक निर्यातदारांचे कंटेनर अडकले आणि बागाईतदारांची देणी थकली. हे रसायन झाडात दीर्घकाळ टिकते. युरोपातील नाशपतीच्या बागांत वापर थांबल्यानंतरच्या वर्षांतही ते फळांत आढळले आहे. पुढे त्याचा तपासणीच्या यादीत समावेश झाला. ही दक्षता संकटानंतर आली, आधी नव्हे, हेही नमूद केले पाहिजे.

केवळ दोष शोधणे एवढेच ह्या संशोधनाचे कार्य नाही. बॅसिलस सबटिलिस नावाच्या जिवाणूचे काही वाण द्राक्षवेलींपासून मिळाले. ते प्रोफेनोफॉस ह्या कीटकनाशकाचे विघटन करतात, असे केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवून दिले. वेलीच्याच सोबत्याने वेलीवरील विष उतरवावे, ही कल्पना मोठी मनोज्ञ आहे. रोगनियंत्रणासाठीही असे जिवाणू उपयोगी पडतात. काढणी जवळ आली असता रासायनिक फवारा टाळता आला तर मजुराच्या अंगावर, मातीत आणि विहिरीत जाणारे रसायन तेवढे कमी होते.

आता गुलटेकडीच्या मार्केट यार्डात किंवा मांजरीच्या उपबाजारात येणाऱ्या पेटीचा विचार करू. तिलाही कायद्याची मर्यादा आहे आणि देशांतर्गत बाजारातूनही नमुने घेतले जातात. परंतु युरोपला जाणाऱ्या मालाप्रमाणे प्रत्येक बागेची काढणीपूर्व तपासणी तिला सक्तीची नाही. हा भेद खटकणारा आहे. रॉटरडॅमच्या मुलाच्या ताटातील द्राक्षासाठी जी काळजी, तीच हडपसरच्या मुलासाठी असावयास काय हरकत आहे? खर्च येईल, हे खरे. तो पेटीमागे किती पडेल ह्याचा हिशेब बाजार समितीने आणि व्यापाऱ्यांनी एकत्र बसून मांडावयास हवा.

जाता जाता गृहिणींसाठी एक गोष्ट. द्राक्षावर दिसणारा पांढुरका थर पाहून ते औषधच असल्याचे अनेकांना वाटते. बहुधा तो फळाचा स्वतःचा मेणाचा थर असतो. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याने वरवरची धूळ व काही अंश निघून जातो. आंतरप्रवाही औषधे मात्र गरात उतरलेली असतात, ती धुण्याने जात नाहीत. म्हणून फवारणी आणि तोडणी ह्यांमधील ठरवून दिलेले दिवस बागेतच पाळले गेले पाहिजेत, आणि ते पाळले का, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.