पचिशीचे दान आणि संगणकाचे कोष्टक



नागपूरच्या उन्हाळी दुपारी पचिशीचा पट मांडला,
सहा कवड्या फेकल्या,
की प्रथम उताण्या मोजायच्या.

रूढ रीतीप्रमाणे, दोनपासून सहापर्यंत उताण्या पडल्या,
तर जितक्या उताण्या तितकेच दान;
एकच पडली तर १०,
आणि सगळ्या पालथ्या पडल्या तर चक्क २५!

म्हणून हा हिशेब संगणकाच्या स्वाधीन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने,
बेरजेच्या मागे न लागता,
आज्ञावलीत आधी कोष्टक दाखल करावे.
बेरीज नव्हे, कोष्टक.

जादा पाळीची तजवीज मात्र वेगळी ठेवावी,
कारण तो कायदा घरोघरी बदलतो.

भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त विवरिलेल्या गणनेच्या मार्गाने पाहिले,
तर सहा कवड्यांच्या ६४ शक्यतांत
सर्व पालथ्यांची एकच,
आणि सर्व उताण्यांचीही एकच.
तरी एकीला २५, दुसरीला अवघे ६!
गणिताला हा पक्षपात मानवत नाही;
खेळाला मात्र त्यानेच रंगत येते.

तेव्हा पुन्हा सांगतो, बेरीज नव्हे, कोष्टक;
आणि सातही दाने एकेक तपासल्यावाचून
आज्ञावली घरच्या मंडळींच्या हवाली करू नये.