अपिलात सुचलेले शहाणपण

(शिरगाव येथील सभेत केलेले भाषण)



देवी लईराईच्या या गावात अग्निदिव्य करणारे धोंड आधीचे कित्येक दिवस व्रतस्थ राहतात. निखाऱ्यांपुढे उभे राहिल्यावर व्रताला आरंभ करता येत नाही. न्यायालयाचा नियम याहून फारसा निराळा नाही. परंतु ‘खालच्या कोर्टात राहून गेले ते अपिलात काढू’ अशी समजूत आपल्याकडे घरोघरी आढळते. ही समजूत घरे बुडविणारी आहे.

समजा, भाटकाराने एखाद्याला घराबाहेर काढण्याचा दावा लावला. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला संरक्षण दिले आहे. तथापि भाटकाराच्या संमतीने आपण तेथे राहतो, तेच आपले कायमचे घर आहे, या गोष्टी पुराव्यानेच ठरावयाच्या. प्रतिवादीने आपल्या कैफियतीत ‘मी मुंडकार आहे’ हे लिहिलेच नाही, एकही साक्षीदार आणला नाही आणि निकाल विरुद्ध गेल्यावर ते आठवले, तर न्यायाधीश विचारल्यावाचून राहणार नाहीत: याला उत्तर देण्याची संधी वादीला केव्हा मिळाली? हा प्रश्न अन्यायाचा नाही. उद्या आपण वादी असलो, तर आपणही तोच विचारू.

दिवाणी प्रक्रिया संहितेचा ४१ वा आदेश याविषयी स्पष्ट आहे. अपिलाच्या अर्जात नसलेले कारण न्यायालयाच्या परवानगीवाचून मांडता येत नाही. खालच्या कोर्टाने नाकारू नये तो पुरावा नाकारला असेल, कसोशी करूनही तो तेव्हा हाती आला नसेल, अथवा अपील न्यायालयालाच त्याची गरज भासली, तरच नवा पुरावा घेतला जातो.

मग दार सर्वस्वी बंद आहे काय? नाही. १८९२ साली प्रिव्ही कौन्सिलने कॅनडातून आलेल्या एका विमा प्रकरणात सांगितले की, मान्य अथवा निर्विवाद सिद्ध झालेल्या वस्तुस्थितीवर उभा असलेला कायद्याचा प्रश्न अखेरच्या न्यायालयातही ऐकावा. मुंबईहून गेलेल्या देशमुख विरुद्ध कोठारी या खटल्यात १९५० साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने याच सूत्राचा आधार घेतला. अधिकार नसलेल्या न्यायालयाचा हुकूमनामा शून्यवत असतो आणि ती हरकत कोणत्याही टप्प्यावर घेता येते, हे १९५४ च्या किरणसिंग खटल्यात सांगितले गेले. परंतु त्याच खटल्यात, दाव्याचे मूल्य स्वतःच कमी लावून पुढे त्याच कारणाने निकाल उलटवू पाहणाऱ्यांच्या पदरी मात्र निराशाच आली!

तात्पर्य एवढेच की, कायदा मागाहून आठवला तर एखादे वेळी निभावते. वस्तुस्थिती मागाहून उभी करता येत नाही. म्हणून समन्स हाती पडताच वकील गाठा. घरपट्टीच्या पावत्या, जुने कागद, शेजारच्या वृद्धांच्या आठवणी, सारे त्याच्यापुढे ठेवा. कैफियत वाचून घेतल्यावाचून तिच्यावर सही वा अंगठा करू नका. पर्वरीच्या उच्च न्यायालयाची वाट डिचोलीच्या कोर्टाच्या पायरीवरूनच सुरू होते. त्या पहिल्या पायरीवर जो मुका राहिला, त्याला वरच्या पायरीवर वाचा फुटून काय उपयोग?