पाणी मागणारा मुलगा

मंडळी, आपल्या आष्टीकडे संत्र्याची बाग कोणाला नवी नाही. मृग बहार धरायचा म्हणजे उन्हाळ्यात झाडाचे पाणी तोडतात. झाडाला ताण देतात. पाने सुकतात, काही गळतात, पुढे पाऊस पडला की झाड फुलते. झाडाला हे सोसते. काही माणसांना मात्र पाण्याचा ताण मुळीच सोसत नाही. त्यांच्याविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

आम्ही पुष्कळ वर्षे मुले शिकवली. एका शाळेत पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. अंगाने बारीक, डोळे पिवळसर. तो तासाला दोनदा लघवीला जाई आणि येताना माठावरून पाणी पिऊन येई. आम्हांला वाटले, हा अभ्यास चुकवतो. आम्ही त्याला उठायची बंदी केली. त्याची आई म्हणाली, "गुरुजी, हा राती अंथरूनबी ओलं करते. म्या त्याले दिवस बुडाला का पानीच देत नाही." आम्ही म्हणालो, "ठीक करता." दोघांचेही चुकले. मे महिन्यात त्याचे हातपाय असे ठणकू लागले की पोर रात्रभर ओरडे. रक्त तपासले. सिकलसेल निघाला.

सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि मऊ असतात. या रोगात प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. रोग शिवल्याने होत नाही. तो आईबापांकडून येतो. १९५२ साली तो आपल्या देशात प्रथम निलगिरीच्या डोंगरी लोकांत आढळला. विदर्भात तर तो पुष्कळ घरी आहे.

आता मूत्रपिंडांचे पाहा. पाठीत दोन बाजूंना मुठीएवढी दोन पिंडे असतात. ती दिवसाकाठी रक्तातून सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि जवळजवळ सारे परत रक्तात घेतात. लघवी होते लिटर-दीड लिटर. पाणी राखण्याचे शेवटचे काम पिंडाच्या आतल्या गाभ्यात चालते. तिथे प्राणवायू कमी, खारटपणा फार, आंबटपणाही जास्त. पेशी वाकायला आणखी काय पाहिजे? तिथल्या बारीक वाहिन्या तुंबतात, गाभा निकामी होत जातो, आणि लहान वयातच पिंडाला पाणी राखता येईनासे होते. आपण उन्हात राबलो की लघवी थोडी आणि पिवळी होते. अंग पाणी वाचवते. या मुलाचे अंग कोरडे पडले तरी लघवी होतच राहते. तेव्हा अंथरूण ओले झाले म्हणून मारू नका, पाणी तोडू नका. रात्री एकदा उठवा. पाणी दिवसभर थोडे थोडे द्या. पिंडे फारच बिघडलेल्या माणसाने मात्र किती प्यावे, ते डॉक्टरला विचारावे.

पिंडाचे दुसरे काम आम्ल बाहेर टाकण्याचे. डाळ, अंडी, मटण पचताना अंगात रोज थोडे आम्ल तयार होते. ते लघवीवाटे जाते. सिकलसेलच्या पिंडाला हे काम पुरते जमत नाही. एरवी निभून जाते. पण हगवण लागली की आम्ल मारणारा क्षार शौचावाटे जातो आणि रक्तात आम्ल वाढते. आम्ल वाढले की पेशी आणखी वाकतात, त्या वाकल्या की पिंड आणखी बिघडते. म्हणून हगवण लागताच आशाताईंकडून ओआरएसची पुडी आणा आणि दवाखाना गाठा. घरचा खायचा सोडा मात्र पाजू नका. क्षार द्यायचा की नाही, किती द्यायचा, हे रक्त तपासून ठरते.

अंग ठणकले की आपण दुकानातून गोळी आणतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या पिंडांना बाधतात, अंग कोरडे असताना तर फारच. डॉक्टरला विचारल्याशिवाय त्या देऊ नका.

पुढे पुढे लघवीतून प्रथिन जाऊ लागते. दुखत नाही, खुपत नाही. रक्ताची नेहमीची तपासणीही पुष्कळ दिवस चांगली दिसते आणि फसवते. यासाठी दहाव्या वर्षापासून दरवर्षी लघवीतले प्रथिन तपासून घ्यावे. वेळीच कळले तर त्यावर औषध आहे. ज्याच्यात रोग नाही पण दोष आहे, त्याला वाहक म्हणतात. त्याच्याही लघवीतून कधी रक्त जाते. तेही लपवू नये. नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर दर खेपेला मुलाला रोग होण्याचा संभव चारात एक. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. सरकारी दवाखान्यात रक्त तपासून मिळते. मोठ्या तपासणीला आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे.

आणि मुलगा शाळेत जात असेल, तर गुरुजींना एक चिठ्ठी द्या. आता तुम्हांला लिहिता येते. लिहा: "माझ्या मुलाला सिकलसेल आहे. त्याला पाणी पिऊ द्यावे, लघवीला जाऊ द्यावे." खाली सही करा.