यंत्र कोणाचे, मुदत कोणाची?



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो बोनस आणि महागाई भत्ता यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी त्यांपैकी कशावरही बोलणार नाही. आमच्या युनियनच्या कचेरीत, आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांत व दुकानांतही, मध्यंतरी एक प्रश्न येऊन बसला. संगणक चालू करावा तो पडद्यावर सूचना दिसे : तुमच्या ऑपरेटिंग सिस्टीमची मुदत संपत आली आहे, नवी घ्या. घ्यावी की न घ्यावी? प्रश्न वरवर यंत्राचा दिसतो. पण त्यात पैसा आहे, माणसांचे काम आहे, आणि थोडासा न्यायाचाही भाग आहे. मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हे. जे सांगणार आहे ते थोडे वाचून, थोडे विचारून आणि बरेचसे ठेचा खाऊन मिळवलेले आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हे गिरणीतल्या जुन्या माणसांना मी असे सांगतो : तो खात्यातला मुकादम आहे. कोणत्या यंत्रावर कोणते काम लावायचे, कच्चा माल कोणाला द्यायचा, आत कोणाला सोडायचे, हे तो पाहतो. आपण पत्र लिहितो, हिशेब करतो, ते सगळे त्याच्या हाताखाली चालते. हा मुकादम बदलला की खाते तेच राहते, पण रीत बदलते.

या मुकादमाला त्याची कंपनी मुदतीवर नेमते. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली. तिचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. विंडोज सात २००९ मध्ये आली. ती १४ जानेवारी २०२० पर्यंत. विंडोज दहा २९ जुलै २०१५ रोजी आली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिची सर्वसाधारण मुदत भरली. आता मुदत भरली म्हणजे त्या दिवशी संगणक बंद पडतो असे नाही. बंद होते ती दुरुस्ती. या प्रणालींत चोरांना नवनवी भोके सापडत असतात, आणि कंपनी ती दर महिन्याला बुजवीत असते. मुदतीनंतर भोके सापडतच राहतात; बुजवणारा मात्र येत नाही.

हे मला २०१४ साली कोणी सांगितले नव्हते असे नाही. आमच्याच एका तरुण सभासदाने सांगितले होते. मी त्याला म्हणालो, "चालतंय ना? मग चालू दे." संघटनेचा पैसा म्हणजे कामगारांच्या घामाचा पैसा, तो वाचवला याचा मला अभिमानही वाटला होता. पुढे २०१६ च्या पावसाळ्यात एका सकाळी त्याच एक्सपीच्या यंत्रावर आलेल्या पत्राची पुरवणी कोणीतरी उघडली, आणि दुपारपर्यंत आतल्या सर्व फायलींना कुलूप लागले. पडद्यावर इंग्रजीत खंडणीची मागणी. आत एका बंद पडलेल्या कारखान्याच्या ४३ कामगारांच्या प्रॉव्हिडंट फंडाची आणि ग्रॅच्युइटीची प्रकरणे होती. दुसरीकडे प्रत ठेवलेली नव्हती. पगाराच्या चिठ्ठ्या पुन्हा गोळा करून ती प्रकरणे नव्याने उभी करावयास चार महिने लागले. त्या चार महिन्यांत त्यांतला एक कामगार वारला. त्याची बायको दर सोमवारी कचेरीत यायची आणि दाराशी उभी राहून विचारायची, "भाऊ, आमचा कागद झाला का?" कागद पुढे झाला, पैसेही मिळाले. पण ज्याच्या औषधाला ते हवे होते तो राहिला नव्हता. "चालतंय ना" या शब्दांची किंमत मला तेव्हा कळली.

आमचे नुकसान लहान कचेरीचे होते. पुढल्याच वर्षी, १२ मे २०१७ रोजी, वॉनाक्राय नावाचा विषाणू जगभर पसरला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ रुग्णालय-मंडळांपैकी निदान ८० मंडळांना त्याची झळ लागली; हजारो रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या रद्द कराव्या लागल्या. आता गंमत पाहा. ते भोक बुजवणारी दुरुस्ती कंपनीने १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी, दिलेली होती. बाधित यंत्रांपैकी बहुतेक मुदत संपलेली नव्हतीच. विंडोज सातची होती, आणि दुरुस्ती हाताशी असून कोणी बसवली नव्हती. म्हणजे नवी प्रणाली घेऊन स्वस्थ बसणे हेदेखील कामाचे नाही. त्यानंतर दीड महिन्याने, २७ जून २०१७ रोजी, दुसरा विषाणू आला आणि आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम त्याने अडवले. तो पहिल्याने पसरला युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रामच्या अपडेटमधून! ज्या वाटेने औषध यावयाचे, त्याच वाटेने विष आले.

तेव्हा कोणी म्हणेल, "ठरले तर मग, नवे निघाले की ताबडतोब घ्यावे." थोडे थांबा. दुसरी गोष्ट ऐका.

एका पतसंस्थेत आमच्या एक सभासद-भगिनी अठरा वर्षे खातेवह्या सांभाळत होत्या. खातेवह्या जुन्या फॉक्सप्रोमधल्या, डॉसच्या काळातल्या. संचालकांनी एका शनिवारी संध्याकाळी जुना संगणक बदलून नवा, नव्या प्रणालीचा आणवला. सोमवारी सकाळी गिऱ्हाइके दारात आणि एकही खाते उघडेना. कारण साधे होते. डॉसचे प्रोग्राम बत्तीस बिटांच्या विंडोजवर चालून जात. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर ते तसे चालत नाहीत, आणि विंडोज अकरा तर चौसष्ट बिटांचीच निघते. संचालकांनी काय करावे? बाईंना मेमो दिला! मी मध्यस्थीला गेलो तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "दादा, शनिवारी मला विचारलं असतं, तर शनिवारीच सांगितलं असतं." नशिबाने जुना संगणक विक्रेत्याच्या गोदामातून मोडीत गेलेला नव्हता, तो परत आणला तेव्हा व्यवहार सुरू झाले. मेमोही मागे घेतला गेला.

म्हणून "चालतंय ना" हे जसे उत्तर नव्हे, तसे "नवे ते चांगले" हेही उत्तर नव्हे. नव्याची घाई खुद्द कंपनीलाही बाधते. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज दहाची एक मोठी सुधारणा निघाली, तिने काही लोकांच्या फायलीच पुसून टाकल्या, आणि कंपनीला ती चार-पाच दिवसांत थांबवावी लागली. पहिल्या पंगतीला बसलेल्यांनाच ठसका लागला.

आता खर्चाकडे वळू. विंडोज अकरा ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. ज्याच्या यंत्रात ती बसते त्याला ती दहावरून फुकट मिळते. पण बसते कोणाच्या? तिला निदान ४ जीबी स्मृती आणि ६४ जीबी साठवण लागते, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि साधारणपणे २०१७-१८ पूर्वीचे प्रोसेसर तिला चालत नाहीत. म्हणजे ज्या यंत्राचा पंखा फिरतो आहे, कळा वाजत आहेत, पत्रे निघत आहेत, ते यंत्र एका तारखेला निकामी ठरते. जुनीच प्रणाली ठेवून दुरुस्त्या पुढे मिळवावयाच्या तर संस्थांना पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या वर्षी आणखी दुप्पट, असा दर लावला गेला. त्यापुढे काही नाही. घरगुती वापरासाठी एका वर्षाची सवलत ३० डॉलरना, आणि काही अटींवर फुकटही, देण्यात आली.

कॅनॅलिस या बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज केला होता की, या एका मुदतीपायी जगातील सुमारे २४ कोटी संगणक मोडीत निघू शकतील. मोड म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे दिल्लीचे सीलमपूर येते. तिथल्या बोळांतून माणसे, कित्येकदा बायका व पोरे, उघड्या हातांनी संगणक फोडतात, तांब्यासाठी तारा जाळतात, तो धूर छातीत घेतात. त्यांना ना हजेरीपट, ना प्रॉव्हिडंट फंड. आपण येथे "नवे घेऊ" म्हणतो तेव्हा आपल्या निर्णयाचे शेवटले टोक तेथे पोहोचते. कंपनीने सुरक्षा वाढवू नये असे मी म्हणत नाही. टीपीएमला कारण आहे. पण यंत्र आपण विकत घेतो आणि त्याचे वय दुसरा ठरवतो, हे निदान डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे.

मग आम्ही काय केले? आमच्या कचेरीत तीन यंत्रे. एका रविवारी आम्ही सभा घेतली आणि प्रत्येक यंत्रावर जो बसतो त्याला प्रथम बोलावयास लावले. तू काय काम करतोस? इंटरनेट लागते का? कोणता प्रोग्राम बंद पडला तर तुझे काम अडेल? या तीन प्रश्नांतून तीन यंत्रांची तीन उत्तरे निघाली.

पहिले यंत्र प्रॉव्हिडंट फंडाच्या ऑनलाइन कामाचे. ते २०१९ चे. त्यावर सभासदांचे आधार क्रमांक, बँक खाती. तेथे धोका पत्करणे गुन्हा ठरला असता. सर्व फायलींच्या दोन प्रती काढल्या, एक कपाटात आणि एक खजिनदाराच्या घरी ठेवली, आणि विंडोज अकरा बसवली.

दुसरे यंत्र वर्गणीच्या जुन्या हिशेबाचे, डॉसच्या प्रोग्रामचे. त्याला नवी प्रणाली म्हणजे मरण. त्याची इंटरनेटची तार काढून टाकली, त्यात बाहेरचा पेन ड्राइव्ह घालावयाचा नाही असा ठराव केला, आणि सगळा हिशेब कागदावर छापून घेतला. ते आता जुनी नोंद पाहण्यापुरते आहे. नवा हिशेब एप्रिलपासून पहिल्या यंत्रावर.

तिसरे यंत्र पत्रकांचे, २०१४ चे. त्याला विंडोज अकरा बसेना, आणि नवे घ्यावयाची ऐपत नव्हती. त्यावर आम्ही लिनक्स बसवली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेली ही प्रणाली. जगभरच्या लोकांनी मिळून वाढवली, आणि ती फुकट मिळते. सहकाराची सवय असलेल्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये. पण फुकट म्हणजे विनासायास नव्हे. आमच्या जुन्या याद्या युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये होत्या. त्या काळी इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षर बसवण्याची युक्ती होती. फॉन्ट नसला की सारा मजकूर किडामुंगीसारखा दिसतो. रूपांतर केले तर रफार एका अक्षरावरून उडून दुसऱ्यावर बसू लागला, जोडाक्षरे फुटू लागली. फंडाच्या कागदात नावाचे एक अक्षर चुकले तरी अर्ज परत येतो, हे आम्हांला ठाऊक. म्हणून एकाने वहीतून नाव वाचावयाचे आणि दुसऱ्याने पडद्यावर ताडून पाहावयाचे, असे सहा आठवडे संध्याकाळी बसलो. टंकलेखकाची बोटे टाइपरायटरच्या कळपाटाला सरावलेली. त्याला इनस्क्रिप्ट शिकावयास वेळ दिला, आणि तोवर पत्रके उशिरा निघाली तरी कोणी तक्रार करावयाची नाही असे ठरले.

जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने लिनक्सकडे वळण्याचे २००३ मध्ये ठरवले, सुमारे १५ हजार यंत्रे बदलली, आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. एवढ्या मोठ्या शहराला जे कठीण गेले, ते सोपे आहे असे मी आपल्याला कसे सांगू? आमचे एक यंत्र होते, म्हणून निभावले.

आमच्या चळवळीला पुष्कळजण यंत्राचा शत्रू म्हणतात. १९६० च्या दशकात आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाला विरोध केला, हे खरे. त्यांना भीती नोकरीची होती. पण बँकांत १९८३ साली संगणकाविषयी करार झाला तो बोलाचालीनेच. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होते : कामगारांच्या सेवाशर्तींत ठरावीक बाबतींत बदल करावयाचा तर मालकाने २१ दिवस आधी नोटीस द्यावी. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही नोटीस राखलेली आहे. संगणकाची प्रणाली बदलण्याला हे कलम अक्षरशः लागू होत नाही, हे मला कळते. परंतु त्याच्यामागचे शहाणपण लागू होते. ज्याच्या हातांवर बदलाचा भार पडणार, त्याला आधी सांगा, त्याचे ऐका, मग बदला. त्या पतसंस्थेने २१ दिवस कशाला, २१ मिनिटे जरी बाईंशी बोलण्यात घालवली असती, तरी सोमवारची फजिती टळली असती.

तेव्हा आपण घरी गेल्यावर पडद्यावरच्या सूचनेला घाबरून कळ दाबू नका, आणि तिला झटकूनही टाकू नका. आधी आपल्या फायलींची एक प्रत दुसरीकडे ठेवा. हे काम आज रात्रीच करण्यासारखे आहे, त्याला पैसा लागत नाही. मग त्या यंत्रावर रोज जो बसतो त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसा, मग तो मुलगा असो, सून असो, की दुकानातला गुमास्ता. त्याला विचारा, तुझे काम कशावर अडेल? निर्णय त्या उत्तरातून निघेल.

आमच्या कचेरीत आता दर शनिवारी प्रत काढली जाते. ज्या तरुणाला मी २०१४ मध्ये गप्प केले होते, तोच ती काढतो, आणि वहीत सही माझी घेतो.