तिला सांगितलं असतं तर

आज मला व्हॅम्पायरच्या गोष्टींविषयी बोलायचं आहे, आणि त्यातही त्या गोष्टींमधल्या मुलींविषयी. विषय ऐकून घरातली मोठी माणसं कदाचित रेडिओ बंद करायला उठतील. त्यांनीच थांबावं अशी माझी विनंती आहे. पालघर-बोईसरच्या अकरावी-बारावीच्या मुली या गोष्टी वाचतात. लोकलच्या लेडीज डब्यात, मोबाईलवर, उभ्यानेसुद्धा वाचतात. वाचून झाल्यावर त्यावर बोलायला मात्र त्यांना घरात कोणी नसतं.

सुरुवात जुन्या पुस्तकापासून करते. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ 1897 सालची. ती काही कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली नव्हे, पण पुढच्या कितीतरी नायिकांची मुळं तिच्यात सापडतात. तिच्यात दोन मैत्रिणी आहेत, ल्युसी आणि मीना. ल्युसी 19 वर्षांची. दिवसेंदिवस ती पांढरी पडत चालली आहे. चार पुरुष एकामागून एक आपलं रक्त तिला देतात, पण तिला नेमकं काय होतंय हे कोणी तिला सांगत नाही. तिच्या आईलाही नाही. म्हातारे डॉक्टर खोलीत लसणाची फुलं ठेवून जातात, का ठेवली ते बोलत नाहीत. आईला वाटतं, या उग्र वासाने पोरीचा जीव घुसमटेल. ती मायेने फुलं काढून टाकते आणि खिडकी थोडी उघडून ठेवते. सकाळी पोर मरणाच्या दारात सापडते.

दुसरी मीना. शाळेत शिकवणारी, लघुलिपी आणि टंकलेखन शिकलेली, आगगाड्यांची वेळापत्रकं तोंडपाठ असलेली. एप्रिल 2013 मध्ये डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली. तेव्हापासून बोईसर, पालघर, सफाळ्याहून रोज मुंबईकडे जाणाऱ्या ज्या मुलींना कुठली गाडी विरारला कुठल्या गाडीशी जुळते ते झोपेतही सांगता येतं, त्यांना मीना लगेच आपली वाटते. सगळ्यांच्या डायऱ्या, पत्रं, तारा ती तारीखवार लावते, टंकलिखित करते, प्रती काढते. पुढे ड्रॅक्युला मूळ कागद जाळतो तेव्हा तिने काढलेली एक प्रत तिजोरीत शिल्लक असते, म्हणून सगळं निभावतं. आणि एवढं काम करून घेतल्यावर हे भले पुरुष ठरवतात की आता बाईमाणसाने यात पडू नये, तिला यापुढे काही सांगायचं नाही. ज्या रात्री ते तिला मागे ठेवून ड्रॅक्युलाच्या शोधात बाहेर पडतात, त्याच रात्रीपासून तो तिच्या खोलीत येऊ लागतो. तिला ते वाईट स्वप्न वाटतं. तिला कोणी काही सांगत नाही, म्हणून तीही कोणाला काही सांगत नाही. पुढे तिला पुन्हा विश्वासात घेतलं जातं, आणि तो कुठल्या नदीच्या वाटेने पळतोय हे नकाशावरून तीच शोधून काढते.

या गोष्टींमधली नायिका लढते की रडते यावर खूप लिहिलं गेलं आहे. मला त्याहून मोठा वाटतो तो प्रश्न हा, की तिला काय सांगितलं जातं आणि काय दडवलं जातं.

आता ज्या पुस्तकाने हा सगळा प्रकार घरोघरी नेला त्याकडे वळू. स्टेफनी मेयर यांचं ‘ट्वायलाइट’ 2005 साली आलं आणि 2008 पर्यंत चार भागांत गोष्ट पुरी झाली. बेला 17 वर्षांची, सदा पाऊस पडणाऱ्या एका छोट्या गावात वडिलांकडे राहायला आलेली. एडवर्ड दिसायला तिच्याच वयाचा, खरा शंभरी ओलांडलेला. तो कोण आहे हे तिला कोणी सांगत नाही. एका मित्राने सांगितलेल्या दंतकथेवरून आणि इंटरनेटवर शोधून ती स्वतःच ते ओळखते. बेलाला बिनडोक म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

पण एडवर्ड काय करतो? तिला पत्ता नसताना रात्री खिडकीतून तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली बघत बसतो. दुसऱ्या भागात तिच्या भल्यासाठी म्हणून खोटं बोलतो, तू मला नकोशी झालीस असं सांगून निघून जातो, आणि तिचे महिनेच्या महिने काळवंडून जातात. तिसऱ्या भागात तिने मित्राला भेटायला जाऊ नये म्हणून तिच्या गाडीच्या इंजिनाचा एक भाग काढून ठेवतो. ती चिडते, घरात जाऊन आपल्या खोलीची खिडकी धाडकन लावते. आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडते.

ही खिडकी मी बोईसरच्या काही मुलींसमोर ठेवली होती. विचारलं, असं कोणी तुमच्या खिडकीतून येऊन बसलं तर? अकरावीतली एक मुलगी लगेच म्हणाली, “आई आधी खिडकी लावेल, मग माझा मोबाईल काढून घेईल, आणि मग माझं कॉलेज बंद.” त्यावर दुसरी हळूच म्हणाली, “म्हणून तर ते पुस्तक आवडतं, मॅडम. त्यात तिला कोणी दोष देत नाही.”

ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. आपण समजतो, मुली त्या देखण्या मुलावर भाळल्या. त्या भाळल्या होत्या भलत्याच गोष्टीवर. बेलाला एक मुलगा आवडतो, ते ती मनाशी मानते, तोंडाने सांगते. तिचे वडील पोलीस प्रमुख आहेत. ते कुरकुरतात, तिला घरात बसायला लावतात, पण तिचं शिक्षण तोडत नाहीत, दुसऱ्या महिन्यात तिचं लग्न उरकून टाकत नाहीत. आपल्याकडच्या कित्येक मुलींना रक्त पिणाऱ्या मुलापेक्षा असा बापच अद्भुत वाटत असेल. 2010 साली ‘स्टार वन’वर एकता कपूर यांची ‘प्यार की ये एक कहानी’ ही व्हॅम्पायर मालिका लागली. तिच्यातली कॉलेजकन्या पिया अनाथच दाखवली होती. आईबाप ठेवले असते तर ती प्रेमकथा चार भागांतच संपली असती.

मेयर यांच्यावर टीका झाली की त्यांची नायिका सतत कोणीतरी वाचवावं अशी आहे. 2015 मध्ये त्यांनी तीच गोष्ट मुलाच्या जागी मुलगी आणि मुलीच्या जागी मुलगा घालून पुन्हा लिहिली. त्यांचं म्हणणं, संकटात सापडते ती बाई म्हणून नव्हे, माणूस म्हणून. मला ते पटतं. माझी तक्रार बेला दुबळी आहे ही नाहीच. खोटं बोलणं, पाळत ठेवणं, गाडी बंद पाडणं याला ते पुस्तक काळजी समजतं, ही माझी तक्रार आहे.

आपल्या गोष्टींत उलटं असतं. नारायण धारपांनी ‘लुचाई’मध्ये स्टीफन किंगच्या कादंबरीवरून रक्तपिपासू पिशाच्च मराठीत आणलं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे भय दाखवायला बाईच उभी होती: हडळ, जखीण, डाकीण. तिन्हीसांजेला त्या चिंचेखालून येऊ नकोस, असं मुलीला बजावतात. तिथे कोणता माणूस उभा असतो ते मात्र सांगत नाहीत.

आणि आपल्या जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात हे गोष्टीपुरतं राहिलं नाही. पोर दगावलं, गुरं आटली, की भगत दाणे बघायचा आणि कोणा एकीवर बोट ठेवलं जायचं: ही भुताळी. गावाने ठरवून टाकलेलं असायचं, आणि तिला सगळ्यात शेवटी कळायचं. बहुधा ती विधवा, एकटी, नाहीतर जमिनीच्या तुकड्याची मालकीण. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्य वेचलं, तो त्यांच्या खुनानंतर 2013 मध्येच झाला. एखादी व्यक्ती करणी करते, गुरांचं दूध आटवते असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत. आणि हेही सांगायला हवं, की ज्या वारली समाजाच्या नावावर लोक हे सहज टाकून मोकळे होतात, त्याच समाजात लग्न लावते ती धवलेरी, एक बाई. लग्नाच्या चौकात मधोमध असते ती पालघट देवी. तिथल्या कुमारवयीन नायिकेला शक्ती बाहेरून उसनी आणायची गरज नाही.

शक्ती असूनही दडवादडवी चालतेच, हे मला ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ या अमेरिकन मालिकेत दिसलं. 1997 ते 2003, सात पर्वं. बफी शाळकरी पोर, पण व्हॅम्पायरांना लोळवणारी. तिला हुकूम सोडणारं वडीलधाऱ्यांचं एक मंडळ असतं. ती 18 वर्षांची होते तेव्हा परीक्षा म्हणून तिची ताकद औषध टोचून गुपचूप काढून घेतली जाते, आणि टोचतो तिचा स्वतःचा गुरू. शेवटी त्यालाच राहवत नाही, तो तिला खरं सांगतो. तिच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा विश्वास तुटल्याचं दुःख मोठं असतं. पुढे ती त्या मंडळाला सोडते, आणि मालिकेच्या अखेरीस एकटीकडे असलेली शक्ती जगभरच्या मुलींना वाटून टाकते. रिशेल मीड यांच्या 2007 च्या ‘व्हॅम्पायर अकॅडमी’तली रोझही मला आवडते, कारण ती जिवाची बाजी लावते ती मैत्रिणीसाठी.

बोईसरच्या त्या मुलींमध्ये एक आयटीआयला जाणारी होती, फिटरची. बराच वेळ गप्प बसली होती. गाडीचा भाग काढून ठेवल्याचा प्रसंग वाचून झाल्यावर ती म्हणाली, “खिडकी कशाला लावायची? मी बॉनेट उघडीन. काय काढलंय ते मला दिसेल. दुसरा पार्ट आणून बसवीन, मैत्रिणीला घेऊन जायचं तिथे जाऊन येईन, आणि आल्यावर त्याला विचारीन, मला न विचारता हात का लावलास?”

मी तिला म्हटलं, हे लिहून काढ. तिने वहीची दोन पानं लिहिली आहेत. तिची बेला एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जाते.